काचेखालची चिठ्ठी: एटीसीच्या (हवाई वाहतूक नियंत्रणाच्या) प्रोसिजर लिहिणारी टीम कशी चालवावी

माझ्या हाताखाली तयार झालेली पहिली प्रोसिजर अकरा पानांची होती. टॉवरने, म्हणजे रनवेवरची विमानं सांभाळणाऱ्यांनी, उड्डाणं कशी सोडायची आणि अप्रोचने, म्हणजे विमानतळाच्या आसपासचं आकाश रडारवर सांभाळणाऱ्यांनी, ती कशी घ्यायची, याबद्दलची. दोन महिने खपून केलेली, वरून सही झालेली, आकृत्यासुद्धा रंगीत. लागू झाल्यावर आठवड्याभराने नाइटला टॉवरवर चढले, तर कन्सोलच्या काचेखाली वहीचं अर्धं पान सरकवलेलं. बॉलपेनने लिहिलेल्या चार ओळी. आमची अकरा पानं कोणीतरी चार ओळींत बसवली होती आणि अख्खा टॉवर त्या चार ओळींवर चालला होता. मला हसू आलं, कौतुकही वाटलं.

प्रोसिजरमध्ये ‘ऑटो रिलीज’ होता. म्हणजे टॉवरने प्रत्येक उड्डाणासाठी अप्रोचला विचारत बसायचं नाही, ठरलेलं अंतर ठेवून सोडत राहायचं. मात्र रनवेची दिशा बदलली की ही मुभा बंद, दोघांचं बोलणं होईपर्यंत. हा ‘मात्र’ सातव्या पानावर होता, चिठ्ठीत नव्हता. एका संध्याकाळी वारा फिरला, रनवे उलटा केला, आणि टॉवरने जुन्या दिशेने आणखी एक विमान सोडलं, कारण ते तोंडावर तयार उभं होतं. तिकडे अप्रोचने उतरणारं पहिलं विमान नव्या दिशेसाठी वळवूनही घेतलं होतं. दोघं समोरासमोर. अप्रोचवरच्या मुलीने वेळीच पाहिलं आणि आपलं विमान बाजूला काढलं. अंतर मोडलं नाही, कोणाला काही झालं नाही. चौकशीत पहिला प्रश्न आला: चिठ्ठी कोणी लावली?

विमानतळाचं नाव सांगत नाही. अशा काचा सगळीकडे आहेत. चिठ्ठी लावणाऱ्याचा मला राग आला नाही, कारण ते वाक्य सातव्या पानावर मीच नेऊन ठेवलं होतं. त्यानंतर बारा-तेरा वर्षं हेच काम केलं. आता निवृत्त आहे. नव्याने टीम हाती आलेल्या दोघातिघांनी ‘मॅडम, सुरुवात कुठून करू’ विचारलं, म्हणून हे लिहायला बसले.

माणसं, आणि रोस्टरशी भांडण

पाच ते सात माणसं पुरे. त्याहून जास्त झाली की तिची समिती होते, आणि समितीचा निम्मा वेळ पुढच्या बैठकीची तारीख ठरवण्यात जातो.

टॉवर, अप्रोच, एरिया (दूरच्या मार्गांवरची विमानं बघणारे), जिथवर तुमची प्रोसिजर पोचणार तिथला एकेक माणूस घ्या, आणि तो आजही हेडसेट लावून बसणारा असू द्या. ‘दोन वर्षांपूर्वीपर्यंत बसत होतो’ म्हणणारा चालत नाही. दोन वर्षांत टॅक्सीवे नवा येतो, सेक्टर बदलतो, हाताची सवय जाते. नुकतंच रेटिंग झालेला, म्हणजे स्वतंत्र काम करायची परवानगी मिळालेला, एक जण हवाच. काय समजायला जड गेलं ते त्याच्या अजून लक्षात असतं. सीएनएसचा, म्हणजे रडार आणि रेडिओ यंत्रणा बघणारा, एक जण घ्या, नाहीतर रडारवर जे दिसतच नाही त्यावर तुम्ही प्रोसिजर उभी कराल. सेफ्टीचा माणूस तुमच्या हाताखालचा नको.

पॅन्स-ऑप्सचा डिझायनर वेगळा. तो डोंगर, इमारती, मनोरे मोजून विमानाची वाट आखतो; त्या वाटेवरून एकामागे एक विमानं कशी न्यायची ते आपण लिहितो. ही दोन कामं वेगळी आहेत हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी दोघं वेगवेगळ्या खोल्यांत बसतात. मग कागदावर देखणी वाट निघते, आणि दुसऱ्या महिन्यात कळतं की गर्दीच्या तासाला तिच्यावर एकही विमान शेवटपर्यंत जात नाही, सगळी मधूनच वळवावी लागतात. डिझायनरला दुसऱ्या बैठकीपासून बसवा, शेवटच्या नव्हे. आणि एखाद्या पायलटचा फोन नंबर जवळ असू द्या. ‘या वळणावर त्या वेळी तुमचे हात कशात गुंतलेले असतात?’ एवढंच विचारायचं असतं.

रोस्टरचं मात्र आधीच मिटवून घ्या. कंट्रोलर कमी असतात, त्यामुळे तुमच्या बैठकीला लोक नाइट उतरल्यावर येतात, डोळे चोळत. अशा माणसाकडून सही मिळते, विचार मिळत नाही. टीमचं काम ड्युटी म्हणून रोस्टरवर लावून घ्या, लेखी. ते मिळत नसेल तर प्रकल्पाची तारीख पुढे ढकला. मी एकदा ढकलली, वरून बोलणी खाल्ली, आणि आज वाटतं की आणखी दोनदा ढकलायला हवी होती.

शेजाऱ्यांना विसरू नका. आपल्याकडे पुण्याचं लोहगाव हवाई दलाचं, तिथलं एटीसी त्यांच्याकडे. गोव्यात दाबोळी नौदलाची, आणि २०२३ पासून तिच्या उत्तरेला मोपाचा नागरी विमानतळ चालू आहे. अशा ठिकाणी तुमच्या प्रोसिजरचं निम्मं आयुष्य लेटर ऑफ ॲग्रीमेंटमध्ये, म्हणजे शेजारच्या युनिटशी केलेल्या लेखी करारात, असतं. मसुदा तयार करून मग शेजाऱ्याकडे पाठवला की तो सहा महिने टेबलावर पडतो. कोऱ्या कागदासकट आधी जाऊन चहा पिऊन आलात तर तोच कागद दोन महिन्यांत सुटतो.

लिहायच्या आधी बसा

काम सहसा असं येतं: काहीतरी घडलेलं असतं आणि साहेब म्हणतात, ‘यावर एक प्रोसिजर करा.’ लगेच करू नका. अडचण काय आहे ती दोन ओळींत लिहा, आणि त्या दोन ओळींत उपाय येऊ देऊ नका. ‘टॉवर आणि अप्रोचमध्ये नवीन हॉटलाइन हवी’ ही अडचण नव्हे. ‘रनवे बदलताना शेवटचं उड्डाण कोणतं हे अप्रोचला कळत नाही’ ही अडचण. कधीकधी दोन ओळी लिहिल्यावर कळतं की प्रोसिजर आहेच, फक्त कोणाला सापडत नाही.

मग तीन पाळ्या बसा: एक मॉर्निंग, एक संध्याकाळ, एक नाइट. बोलू नका, वहीत लिहू नका, समोरच्याचे हात बघा. स्ट्रिप (प्रत्येक विमानाची माहिती असलेली पट्टी) कधी सरकते, फोन कोणत्या हाताने उचलतो, फोनवर असताना कोणाचं रेडिओवरचं बोलणं सुटतं. रेडिओ-फोनवरच्या बोलण्याची टेप नंतर ऐका. टेपमध्ये शब्द मिळतात, मान कुठे वळली होती ते मिळत नाही.

सुरुवातीची काही वर्षं मी मुंबईला काढली. तिथले दोन रनवे, ०९/२७ आणि १४/३२, एकमेकांना छेदतात. त्यामुळे दोन असूनही काम एकाचंच. त्यावर तासाला चाळीसहून जास्त विमानं. पश्चिमेला लगेच जुहू, तिथून मुंबई हायच्या तेलविहिरींकडे जाणारी हेलिकॉप्टरं. १४/३२ च्या आग्नेयेला ट्रॉम्बेचा डोंगर. हे सगळं नकाशावर दिसतं. पण जूनमध्ये पहिली सर आली की दिसणं कमी होतं, विमानं रनवे सोडायला जास्त वेळ घेतात, पायलट ब्रेकिंगबद्दल विचारत राहतात, आणि नकाशावर साडेतीन मैल दिसणारं अंतर पुरेनासं होतं. हे नकाशा सांगत नाही, खुर्ची सांगते.

दुय्यम रनवेकडेही बघा. १ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईत पावसात उतरलेलं एक विमान मुख्य रनवे ओलांडून पुढे गेलं आणि तो रनवे काही दिवस बंद राहिला. सगळा भार १४/३२ वर आला. तुमच्याकडच्या ‘क्वचित लागणाऱ्या’ प्रोसिजरची पानं शेवटची कधी उघडली होती, ते आजच तपासा.

प्रत्येक ओळीला तिचं कारण चिकटवा

नवी टीम उत्साहात जुन्या ओळी खोडते. मीही खोडल्या आहेत. म्हणून आमच्या कामाच्या प्रतीत उजवीकडे एक रकाना असायचा: ही ओळ का आहे, कधी आली, कोणाच्या सांगण्यावरून. छापील प्रतीत तो जात नसे, पण आमच्याकडे कायम राहत असे. रकाना रिकामा असेल तर ती ओळ खोडायची नाही, आधी शोधायची.

१२ नोव्हेंबर १९९६ ला हरयाणात चरखी दादरीवर सौदीचं ७४७ आणि कझाकस्तानचं इल्युशिन ७६ हवेत आदळली. ३४९ माणसं गेली. उतरणाऱ्याला १५० ची लेव्हल दिली होती, म्हणजे पंधरा हजार फूट, आणि चढणाऱ्याला १४० ची, म्हणजे चौदा हजार. कागदावर मध्ये हजार फूट होते. उतरणारं विमान मिळालेल्या लेव्हलच्या खाली गेलं. पण दोघं एकाच वाटेवर समोरासमोर होते, कारण दिल्लीला येण्याजाण्याची वाट तेव्हा एकच होती, आणि कंट्रोलरच्या पडद्यावर विमानाची उंची दिसत नव्हती. त्यानंतर येणाऱ्यांची आणि जाणाऱ्यांची वाट वेगळी झाली. आज एखादा हुशार मुलगा म्हणतो, ‘मॅडम, हे दोन कॉरिडॉर जवळ आणले तर चार मिनिटं वाचतील.’ वाचतील, बरोबर आहे. त्याला रकाना वाचायला लावा, मग बोला. कधीकधी वाचूनही तोच बरोबर निघतो, कारण आता रडार बदललंय. तेही चालेल, पण वाचून.

आणखी एक गोष्ट लक्षात असू द्या. आपण स्टेशनच्या पातळीवर लिहितो, मॅट्सचा (हवाई वाहतूक सेवांच्या मॅन्युअलचा) दुसरा भाग. वर मॅट्सचा पहिला भाग, डीजीसीएचे, म्हणजे नागरी उड्डाण नियामकाचे, नियम, आणि आयकाओचं (आंतरराष्ट्रीय नागरी उड्डाण संघटनेचं) डॉक्युमेंट ४४४४. वरच्यापेक्षा कडक लिहिता येतं, सैल नाही. आणि वरचा मजकूर खाली पुन्हा छापू नका. वर दुरुस्ती होते, खाली जुनाच राहतो, मग एकाच टॉवरमध्ये दोन खरे नियम नांदतात.

एक वाक्य, जवळून

आमच्या सातव्या पानावरचं वाक्य मराठीत सांगायचं तर असं होतं: ‘रनवेच्या दिशेत बदल झाल्यास दोन्ही युनिट्सनी योग्य तो समन्वय साधल्यानंतरच ऑटो रिलीज पुन्हा अमलात आणावा.’

व्याकरणात खोट नाही. पण कोणी कोणाला फोन करायचा? काय बोलायचं? आणि ‘साधला’ हे दोघांना कशावरून कळणार? दुसऱ्या आवृत्तीत त्याचं असं झालं:

‘रनवे बदलला की ऑटो रिलीज बंद. टॉवर हॉटलाइनवर अप्रोचला जुन्या रनवेवरून गेलेल्या शेवटच्या विमानाचा कॉलसाइन सांगेल. अप्रोच तो कॉलसाइन परत म्हणेल आणि “ऑटो रिलीज चालू” म्हणेल. तोवर टॉवर प्रत्येक उड्डाणासाठी विचारेल.’

आणि हे पहिल्या पानावर, चौकटीत. ते चिठ्ठीवर उतरवायची गरजच उरली नाही.

माझ्या टीममध्ये चार शब्दांना बंदी होती: योग्य, संबंधित, आवश्यकतेनुसार आणि शक्यतो. कागद इंग्रजीत असतो, तेव्हा त्यांची इंग्रजी भावंडंही बाद. हे शब्द आले की समजायचं, लिहिणाऱ्याला निर्णय घ्यायचा नव्हता, त्याने तो रात्री तीनला एकट्या बसलेल्या पोरावर ढकलला. आमची एक युक्ती होती. मसुद्यातला परिच्छेद घ्यायचा आणि कागद उलटा ठेवून तोच शेजारच्याला मराठीत, हिंदीत, मल्याळममध्ये, जी तुमची भाषा असेल तिच्यात सांगायचा. सांगताना जिथे ‘म्हणजे बघ...’ म्हणावं लागलं तिथे इंग्रजी वाक्य मोडलेलं असतं.

रेडिओवरचे शब्द तर शब्दशः लिहा आणि त्यात हौस करू नका. २७ मार्च १९७७ ला टेनेरिफेला धुक्यात दोन ७४७ आदळली, ५८३ जण गेले. उड्डाणाची परवानगी मिळालीच नव्हती, पण मार्गाची क्लिअरन्स देताना ‘टेक-ऑफ’ हा शब्द कानावर पडला होता. तेव्हापासून तो शब्द फक्त प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा, एरवी ‘डिपार्चर’. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेडावर तटरक्षक दलाच्या विमानाला टॉवरने ‘नंबर वन’ म्हटलं. रांगेत पहिला, एवढंच. ते विमान रनवेवर जाऊन थांबलं आणि उतरणारं ए३५० त्याच्यावर आलं. तटरक्षकच्या सहापैकी पाच गेले. ए३५० मधले ३७९ जण सगळे बाहेर पडले. सत्तेचाळीस वर्षांचं अंतर, आणि दोन्हीकडे गोष्ट एका साध्या शब्दाची.

अट घालून दिलेली क्लिअरन्स कशी रचली आहे बघा: ‘बिहाइंड द लँडिंग एअरबस, लाइन अप, बिहाइंड.’ म्हणजे उतरणाऱ्या एअरबसच्या मागून रनवेवर येऊन थांबा. शेवटचा ‘बिहाइंड’ नवख्यांना चुकून राहिलेला वाटतो. पहिला खरखरीत बुडाला तरी शेवटचा कानात राहावा, म्हणून तो आहे. एकाने आमच्या मसुद्यातून ‘पुनरुक्ती’ म्हणून तो काढून टाकला होता. परत घातला, आणि रकान्यात कारण लिहायला त्यालाच लावलं.

अण्णांना टीममध्ये घ्या

प्रत्येक युनिटमध्ये एक अण्णा असतात. आमचे तीस वर्षं टॉवरमध्ये काढलेले, कुठल्याही नव्या कागदाला आधी ‘नाही’ म्हणणारे. सगळे म्हणाले, त्यांना घेऊ नका, काम पुढे सरकणार नाही. मी मुद्दाम घेतलं. पहिल्या बैठकीत त्यांनी मसुदा दोन बोटांनी धरून विचारलं, ‘मॅडम, यात विमान गो-अराउंड करत नाही वाटतं कधी?’

खरंच करत नव्हतं, म्हणजे उतरता उतरता पुन्हा वर जात नव्हतं. सहा जणांनी तीन आठवडे लिहिलेल्या मसुद्यात प्रत्येक विमान गुणी बाळासारखं उतरत होतं.

‘अण्णा, मग तुम्ही लिहा तो भाग.’

‘लिहिणं माझं काम नाही. मी सांगतो, पोरीला लिहू दे.’

असा तो भाग झाला: अण्णा सांगतायत आणि नुकतंच रेटिंग झालेली मुलगी लिहितेय, मध्येच अडवून विचारतेय. आमच्या सगळ्या कागदांतला तो सर्वांत कमी दुरुस्त्या लागलेला भाग.

मात्र अण्णा आधी बोलले की बाकीचे गप्प बसतात, हेही खरं. सरकारी खोलीत ज्येष्ठतेचं वजन हवेत असतं. त्यासाठी दोन नियम केले. सर्वांत कनिष्ठ माणूस आधी बोलेल आणि मी सर्वांत शेवटी. आणि ‘यात काय बिघडू शकतं’ हे आधी प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहायचं, नाव न घालता, मग चिठ्ठ्या टेबलावर पसरून वाचायच्या. एकदा निम्म्याहून जास्त चिठ्ठ्यांवर एकच गोष्ट होती आणि तोवर ती तोंडाने कोणीच म्हटली नव्हती.

मोडून बघा

सिम्युलेटर मिळायच्या आधी टेबलावर स्ट्रिप मांडून खेळा. फुकट आहे, आणि निम्म्या चुका तिथेच सापडतात. सिम्युलेटरला कालचा सर्वांत गर्दीचा तास घ्या आणि तो बिघडवा: वारा फिरवा, एक गो-अराउंड, एकाचा रेडिओ बंद, वर एक व्हीआयपी. सिम्युलेटरमधले पायलट फार आज्ञाधारक असतात. त्यांना मुद्दाम चुकीचा रीडबॅक द्यायला, म्हणजे मिळालेली सूचना चुकीची परत म्हणायला, सांगा. अण्णांना पायलट करून बसवलं की हे काम ते फार आनंदाने करतात.

सेफ्टी असेसमेंटच्या पाच बाय पाचच्या तक्त्याबद्दल (एका बाजूला धोक्याची शक्यता, दुसऱ्या बाजूला गंभीरता; हिरवा चौकोन म्हणजे चालेल) एवढंच सांगते: आधी हिरवा चौकोन बघून मग शक्यतेचा आकडा ठरवू नका. सगळ्यांनी कधी ना कधी केलेलं असतं.

गुरुवार, पहाटे साडेपाच

जे एआयपीमध्ये (देशाच्या अधिकृत वैमानिक माहिती-पुस्तकात) छापून जगाला कळवायचं असतं ते एअरॅकच्या, म्हणजे जगभर आधीच ठरलेल्या, तारखेलाच लागू होतं. दर २८ दिवसांनी एक तारीख, नेहमी गुरुवार. माहिती किमान ४२ दिवस आधी बाहेर पडायला हवी, बदल मोठा असेल तर ५६. यातून मागे मोजा, आणि मंजुरीला जे दिवस लागतील असं वाटतं त्याच्या दुप्पट धरा.

तारीख लागू होते यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) शून्य वाजता. म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाच. नाइटवाले थकलेले, मॉर्निंगवाले अजून यायचेत, आणि पहिल्या उड्डाणांची गर्दी नेमकी सुरू होतेय. त्यामुळे त्या रात्री टीममधले दोघं टॉवर आणि अप्रोचमध्ये उभे हवेत; एक तुम्ही. डबा आणि थर्मास घेऊन जा, कॅन्टीन उघडलेलं नसतं. पहिला आठवडा प्रत्येक पाळीला टीममधलं कोणीतरी. पावसाळ्याच्या तोंडावरची तारीख घेऊ नका, आणि रडारचं सॉफ्टवेअर बदलतंय त्याच महिन्यातली तर नकोच. ‘एकदम सगळं उरकून घेऊ’ म्हणणारे नाइटला नसतात.

‘वाचलं आणि समजलं’ अशी सही घेणं आवश्यक आहे आणि निरुपयोगी आहे. मी पाळी सुरू व्हायच्या आधी प्रत्येकाला तीनच प्रश्न विचारत असे, त्यातला एक नेहमी ‘मात्र’वाल्या ओळीवर. डब्ल्यूएसओंनाही (पाळीच्या प्रमुखांनाही) विचारायचे. ते चिडतात. चिडू द्या. आणि रजेवरून परतणाऱ्यांची यादी वेगळी ठेवा. पंधरा दिवसांनी गावाहून आलेला माणूस जुन्या प्रोसिजरनेच काम सुरू करतो, त्यात त्याचा काय दोष?

जुने सर्क्युलर त्याच पहाटे काढा. फाइलमधून, भिंतीवरून, व्हॉट्सॲपच्या ग्रुपमधूनही. ‘तात्पुरत्या’ सूचनेवर संपायची तारीख नसेल तर सही करू नका. सात वर्षं जुनी तात्पुरती सूचना मी स्वतः पाहिली आहे. ती जारी करणाऱ्या अधिकाऱ्याची तोवर तीनदा बदली झाली होती.

पुन्हा काच

दर तीन महिन्यांनी मी टॉवर आणि अप्रोचच्या काचांखालच्या चिठ्ठ्या बघायला जायचे. पहिल्यांदा सगळ्यांनी पटापट लपवल्या. मग लोकांना कळलं की ही बाई चिठ्ठी फाडत नाही, फोटो काढून नेते. मग स्वतःहून दाखवायला लागले. ज्या चिठ्ठीत आमचीच ओळ सोप्या शब्दांत असायची तिथे आमची ओळ बदलायची. जी चिठ्ठी प्रोसिजरशी जुळत नसे तिच्यासाठी तिथेच थांबून विचारायचं, असं का करता? बहुतेक वेळा कारण असे.

शेवटच्या वर्षी एका काचेखाली फक्त एवढं होतं: ‘हेली + पाऊस = आधी खाली बघ.’ मला कळेना. पाळीवरच्या मुलाने सांगितलं, पाऊस दाटला की हेलिकॉप्टर ठरलेल्या उंचीच्या खाली येतं आणि रडारवरून काही सेकंद पुसलं जातं. लेबल नाही म्हणजे गेलं असं वाटतं, पण ते असतं. आमच्या प्रोसिजरमध्ये हे कुठेच नव्हतं. सीएनएसच्या माणसाला घेऊन आम्ही दोन दिवस पावसात बसलो, सहापैकी चार वेळा तसंच झालं. पुढच्या दुरुस्तीत ते पहिल्या पानावर गेलं, आणि कारणाच्या रकान्यात मी लिहिलं: टॉवर, काचेखाली.